गिट्टी, मुरूम आणि पांदण

नागपूरला समुद्र नाही. रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून मुंबई गाठावी, तेव्हा कुठे त्याचे दर्शन होते. आमच्याकडे आकाशाला भिडणारे डोंगर नाहीत, की खाली पाहताच डोळे फिरतील अशा दऱ्याही नाहीत. सायकलवरून डोंगरदऱ्या पालथ्या घालणाऱ्यांच्या हकिकती मी आवडीने वाचतो. त्यांत कोकणातला तांबडा रस्ता असतो, सह्याद्रीतला घाट असतो, नाहीतर थेट अमेरिकेतला कॅलिफोर्नियाचा किनारा असतो. नागपूरचे नाव कुठे येत नाही. तरीही गेली कित्येक वर्षे सुट्टीच्या दिवशी मी सायकल काढतो आणि नागपूरच्या भोवती हिंडतो. डांबरी रस्ता जेथे संपतो, तेथून माझी खरी सहल सुरू होते.

या सहलीचे काही शब्द आधी सांगितले पाहिजेत. गिट्टी म्हणजे दगड फोडून केलेले तुकडे. पुण्या-मुंबईकडे यालाच खडी म्हणतात. आपल्या नागपुरात मात्र ती गिट्टीच. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. तो हातात घेऊन चोळला तर त्याचा चुरा होतो, पण पाणी मारून दाबला तर चांगला घट्ट बसतो. पांदण म्हणजे गावातून शेताकडे जाणारी बैलगाडीची वाट. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात. दोन शेतांच्या मधला बांध तो धुरा. नाल्यावरचा ठेंगणा पूल, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी वाहते, तो रपटा. आणि पुस्तकी मराठीत ज्याला कालवा म्हणतात, त्याला विदर्भातला शेतकरी नहर म्हणतो. हा शब्द तुम्हांला शिकवायला नको. उर्दूतली नहर ती हीच. रस्ता, जमीन, हवा, मैदान हे शब्दही असेच फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले, की ते बाहेरून आले हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मोमिनपुऱ्यात एक सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान कसले, भिंतीला टेकवलेली एक पेटी, एक पंप, पाण्याचे एक घमेले आणि वर ताणलेली ताडपत्री! तेथे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कारागीर मी पाहिलेला नाही. चाक फिरवून ते नुसते कान देतात आणि कोणता स्पोक ढिला आहे ते सांगतात.

एकदा मी त्यांना एका मासिकातले चित्र दाखवले. त्यात एक नव्या धर्तीची सायकल होती. मुरमाच्या आणि गिट्टीच्या कच्च्या रस्त्यांवर चालवण्यासाठी ती खास बनवली होती. परदेशात तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. आता ती आपल्या देशातही मिळते.

चाचांनी चष्मा पुसून चित्र नीट पाहिले. मग म्हणाले, “टायर किती रुंद आहे भाऊ?”

“अडतीस-चाळीस मिलिमीटर असेल, चाचा.”

“आणि किंमत?”

मी किंमत सांगितली. चाचा मोठ्याने हसले. समोर एका दूधवाल्याची काळी सायकल दुरुस्तीला आली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हिचे चाक अठ्ठावीस इंची, टायर दीड इंची. दीड इंचाचे मिलिमीटर किती होतात, करा हिशेब.”

मी हिशेब केला. बरोबर अडतीस!

“म्हणजे आमचा दूधवाला इतकी वर्षे हीच सायकल चालवतो आहे,” चाचा म्हणाले, “फक्त तिला कोणी इंग्रजी नाव दिले नाही.”

चाचांचे म्हणणे मला आवडले, पण ते पूर्ण खरे नाही. दूधवाल्याची सायकल फार जड असते. तिला गिअर नसतात. तिचे दांड्याचे ब्रेक उतारावर वेळेला दगा देतात. मात्र टायरच्या बाबतीत चाचांचेच बरोबर होते. कच्च्या रस्त्यावर सायकलचा खरा आधार तिचा टायर असतो आणि त्यात भरलेली हवा असते. हवा गच्च भरली तर चाक प्रत्येक खड्यावरून उसळते आणि हात बधिर होतात. हवा थोडी कमी ठेवली, तर टायर खड्याला पोटात घेऊन पुढे जातो. फारच कमी ठेवली, तर चाकाची लोखंडी कड दगडावर आपटते आणि ट्यूबला एकाच वेळी दोन भोके पडतात, जणू सापानेच दंश केला! किती हवा ठेवायची, हे चाचा टायर अंगठ्याने दाबून ठरवतात. मीही आता तसेच करतो.

अमेरिकेतल्या ज्या कॅलिफोर्नियाचा मी वर उल्लेख केला, तेथली एक गोष्ट चाचांना फार आवडते. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मॅरिन नावाचा भाग आहे. पॅसिफिक महासागराच्या काठी तेथे डोंगर उभे आहेत. १९७६ साली तेथल्या काही तरुणांनी जुन्यापुराण्या, जड सायकली गोळा केल्या आणि डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने खाली उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना हाताचे ब्रेक नव्हते. पायडल उलटे दाबले, की मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक लागे. उतार इतका मोठा होता, की खाली पोहोचेपर्यंत तुंब्यातले ग्रीस तापून धूर होऊन जाई. मग तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नाव पडले ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’. आज जगभर चालणाऱ्या डोंगरी सायकलींच्या जन्मकथेत या उताराचे नाव हमखास येते. पुढे २००६ पासून अमेरिकेच्याच कॅन्सस राज्यात गिट्टीच्या रस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत सुरू झाली आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. चाचांना या शर्यतींचे काही वाटत नाही. त्यांना ग्रीसची गोष्ट आवडते. “ग्रीस बदलावे लागले, म्हणजे त्यांच्यात कोणीतरी मिस्त्री होता,” असे ते म्हणतात.

आता नागपूरकडे येऊ. सायकलवाल्याच्या दृष्टीने नागपूरची मोठी दौलत म्हणजे येथला खडक. आपले शहर एका फार मोठ्या सीमेवर वसले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा काळा खडक झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच काळ्या दगडाचा आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच, आणि आपली सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. या लाव्हाची पूर्वेकडची कड नागपूरजवळ येऊन संपते. पश्चिमेला सायकल वळवली तर चाकाखाली काळा दगड आणि त्याचा मुरूम. पूर्वेला किंवा ईशान्येला वळवली तर तासाभरात खडक बदलतो, मातीचा रंग बदलतो आणि चाकाचा आवाजही बदलतो. मुरमावर चाक कुरकुरते. गारगोटीच्या खड्यांवर ते खणखणते. काळ्या मातीवर मात्र अजिबात आवाज होत नाही, आणि तेथेच सायकलवाल्याने सावध राहायचे असते. त्याचे कारण पुढे येईल.

पश्चिमेकडची वाट काटोल रस्त्याने जाते. गोरेवाड्याचे जंगल मागे पडले, की डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेला लागता येते. जंगलाच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. तेथे बिबट्यांची वस्ती आहे. बाहेरच्या वाटाही काही कमी सुंदर नाहीत. बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या, पळसाची आणि सागाची झाडे, बोरी आणि सीताफळी. फाल्गुनात पळस फुलला की सगळी टेकडी पेटल्यासारखी दिसते. रस्ता जेथे टेकडी कापून गेला आहे, तेथे थांबून मी नेहमी खडक पाहतो. काळ्या दगडाचे गोल गोल गोटे दिसतात आणि त्यांच्या भोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. पाणी, ऊन आणि थंडी यांनी दगड असा पापुद्र्यापापुद्र्याने झिजतो. पापुद्र्यांचा मुरूम होतो आणि मुरूम आणखी झिजला की त्याची काळी माती होते. कापूस पिकवणारी काळी जमीन, रस्त्यावरचा मुरूम आणि घाटातला काळा कातळ हे एकाच घरातले आहेत.

याच बाजूला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, जुनापाणी आहे. माळावर मोठमोठे काळे धोंडे गोलाकार मांडून ठेवलेले दिसतात. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, की शेतकऱ्याने कुंपणासाठी दगड रचले असतील. पण ही शिळावर्तुळे फार प्राचीन आहेत. ज्या लोकांनी ती रचली, ते येथे सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी राहत होते. आपल्या मृतांची आठवण त्यांनी अशी दगडांत ठेवली. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते कशासाठी कोरले, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. जवळच माहुरझरी आहे. तेथे १९७० नंतरच्या काही वर्षांत शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. मातीच्या खाली लोखंडी हत्यारे मिळाली, रंगीत दगडांचे सुरेख मणी मिळाले आणि घोड्यांचे सांगाडेही मिळाले. घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने त्या काळच्या कारागिराने घडवले होते. पेंच नदीच्या काठच्या नैकुंडला तर लोखंड गाळण्याची त्या काळची भट्टीच सापडली आहे.

मी जुनापाणीला सायकल आडवी ठेवतो आणि एका बाजूला बसून भाकरी खातो. घोड्यांवर बसून जे लोक या माळावरून गेले असतील, त्यांच्याही पायांखाली हाच मुरूम होता. त्यांच्या घोड्यांचे खूर घसरले असतील, तेथेच माझेही चाक घसरते.

घोड्यावरून हा मुलूख हिंडलेल्या आणखी एका माणसाची गोष्ट नागपूरकरांनी विसरता कामा नये. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी येथे शाळा काढली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. पण धर्मोपदेश आणि शाळा यांच्या बरोबरीने त्यांना आणखी एक छंद होता. ते दगड गोळा करत. नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांत दडलेले प्राचीन झाडापानांचे, प्राण्यांचे अवशेष त्यांनी शोधले आणि हंटर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. तो १८५५ साली लंडनच्या नियतकालिकात छापून आला. नागपूरच्या मुरमाचा आणि दगडाचा अभ्यास जगापुढे गेला तो असा.

१८६३ च्या सप्टेंबर महिन्यात हिस्लॉप टाकळघाटला गेले होते. तेथेही अशीच शिळावर्तुळे आहेत आणि तेव्हा त्यांचे उत्खनन चालू होते. ४ सप्टेंबरला संध्याकाळी ते घोड्यावरून एकटेच परत निघाले. वाटेत बोरीजवळचा ओढा पावसाने फुगला होता. अंधारात त्यांनी घोडा पाण्यात घातला. घोडा वाचला, हिस्लॉप बुडाले.

ही गोष्ट वाचल्यापासून मी पावसाळ्यात एक नियम पाळतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचे. वाहणारे पाणी गुडघ्याइतके जरी असले, तरी ते धडधाकट माणसाला ओढून नेते, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. एका ऑगस्टमध्ये आम्ही तिघे मित्र एका रपट्यापाशी असेच अडकलो. पलीकडे दोन मोटारसायकलवाले थांबले होते. अलीकडे एक म्हातारा गुराखी छत्री घेऊन बसला होता. आमच्यातल्या एकाला घरी जायची घाई होती. तो चपला हातात घेऊन पाण्याकडे निघाला.

“काहून घाई करता बाप्पा?” गुराखी म्हणाला. ‘काहून’ म्हणजे कशाला. “तो दगड पाहा. तो दिसला की निघा.”

त्याने दाखवलेल्या जागी आम्हांला नुसते पाणी दिसत होते. दीड तासाने तेथे दगडाचे काळे टोक दिसले. आणखी अर्ध्या तासाने अख्खा दगड वर आला. मग गुराख्याने आपली गुरे पाण्यात घातली आणि त्यांच्या मागून आम्ही गेलो.

उत्तरेकडची सफर याहून सोपी. ती मी हिवाळ्यात करतो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या पहाटेच्या धुक्यात दिसू लागतात. हा भाग काही सुखाचा नाही. कोळशाचे ट्रक धावत असतात, राखेची धूळ डोळ्यांत जाते आणि सायकलवाल्याला कोणी मोजत नाही. तो लवकर मागे टाकावा. पुढे कन्हान नदीचा प्रदेश लागतो. खडक आता काळा राहत नाही. पिवळट-तांबूस वालुकाश्म दिसू लागतो. हा वाळूचाच बनलेला दगड आहे आणि भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्याला आपल्या कामठी गावाचे नाव आहे. कामठीच्या मुलांनी हे अभिमानाने सांगायला हरकत नाही! वालुकाश्माच्या वाटेवर चाक थोडे रुतते. तेथे जोर लावून हँडल आवळून धरले तर सायकल हमखास आडवी होते. हात सैल ठेवायचे, नजर लांब ठेवायची आणि पाय थांबू द्यायचे नाहीत.

शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर कन्हानच्या काठी वाकी आहे. बाबा ताजुद्दीन यांचे नाव नागपुरात कोणाला माहीत नाही? १८६१ साली कामठीत त्यांचा जन्म झाला आणि १९२५ साली ते गेले. ताजबागेत त्यांचा दर्गा आहे. ते काही काळ वाकीला राहिले होते, म्हणून तेथेही भाविक येतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. बैलगाडीने येतात, मोटारीने येतात. सायकलने येणारा माझ्यासारखा एखादाच. सायकल झाडाला टेकवायची, नदीच्या वाऱ्यात घाम वाळवायचा, टपरीवरचा चहा घ्यायचा आणि चाचांसाठी तबर्रुक पिशवीत ठेवायचा. चाचांचा आणि माझा हा ठरलेला करार आहे. वाकीला गेलो की ते पंक्चरचे पैसे घेत नाहीत.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर रामटेककडे जावे. पेंच नदीवरच्या धरणातून निघालेली नहर या भागातल्या शेतांना पाणी देते. नागपूरच्या नळांना येणारे पुष्कळसे पाणीही पेंचचेच. नहरेच्या काठाने देखरेखीसाठी मुरमाचा रस्ता केलेला असतो. सायकलसाठी याच्याइतकी सुखाची वाट मला दुसरी माहीत नाही. पाणी वाहावे एवढाच नहरेला उतार असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना कळतो. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला धानाची शेते, मध्येच नहरेत उड्या मारणारी मुले. ती सायकलबरोबर धावत येतात आणि “कुठून आले? कुठी चालले?” असे प्रश्न विचारून भंडावून सोडतात. मनसरजवळ वाटेवर काळे, जड खडे सापडतात. ते लाव्हाचे नव्हेत. तेथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. आणि मग रामटेकचा डोंगर समोर येतो. त्याचा खडक दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुना. डोंगर काही फार उंच नाही. पण दिवसभर सपाटीवरून आलेल्या माणसाला तो हिमालयासारखा वाटतो, एवढे खरे.

इथवर मी हिवाळ्याचे आणि पळसाच्या फुलांचे वर्णन केले. पांदणीबद्दल बोलायचे तर पावसाळ्याबद्दल बोलावे लागते.

एका जुलैमध्ये मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका गावाच्या पांदणीत शिरलो. गावापासून मुख्य रस्ता दोन किलोमीटरवर होता आणि मध्ये सगळी काळी माती. काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की चाक भेगेत अडकावे. पाऊस पडला की तीच माती फुगते आणि डिंकासारखी चिकटते. पन्नास पावलांत माझे चाक मडगार्डमध्ये घट्ट बसले. काडीने चिखल काढायचा, दहा पावले जायचे, पुन्हा काढायचा. शेवटी सायकल खांद्यावर घेतली.

समोरून शाळेच्या चार मुली येत होत्या. प्रत्येकीजवळ सायकल होती, पण एकीचीही चाके फिरत नव्हती. दोघी मिळून एक सायकल उचलत, वीस पावलांवर नेऊन ठेवत आणि दुसरीसाठी परत येत. दप्तरे डोक्यावर, चपला कॅरिअरला बांधलेल्या. त्यांच्यामागून एक शेतकरी येत होता. त्यांतल्या एकीचा तो बाप होता.

मी त्याला रामराम केला. तो माझ्या सायकलकडे पाहत म्हणाला, “कुठी काम होते काय भाऊ इकडे?”

“काम नाही. असाच फिरायला आलो.”

“या चिखलात?” तो हसला. मग हसणे थांबवून म्हणाला, “तुमची हौस होते भाऊ. आमचे चार महिने याच्यात जातात.”

त्याने जे सांगितले ते मी थोडक्यात सांगतो. पाऊस जोरात लागला की या मुली शाळेत जात नाहीत. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघते आणि त्याच वेळी परतीचा पाऊस आला तर शेतातला माल रस्त्यापर्यंत येत नाही. बैलगाडी आसापर्यंत रुतते. मजूर म्हणतात, आधी वाट करा, मग बोलवा. आजारी माणसाला खाटेवर घालून चौघांनी न्यावे लागते. पांदण नकाशावर रुंद आहे. पण दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दर वर्षी नांगराचे एकेक तास आत घेतले आणि ती अरुंद झाली. आता मोजणी करायची म्हटले की भावाभावांत भांडण.

अशा वाटांसाठी सरकारनेही योजना केल्या आहेत. २०२१ साली शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना निघाली. काही गावांच्या पांदणी त्यामुळे चांगल्या झाल्या, हे मी चाकांनी पाहिले आहे. काही गावांच्या अजून व्हायच्या आहेत.

नागपुरातून निघणारा समृद्धी महामार्गही मला या वेळी आठवला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याचा पहिला टप्पा शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो मुंबईच्या दाराशी पोहोचला. एकूण ७०१ किलोमीटर. मोटारीने गेले तर समुद्र आता एका दिवसाच्या आत आला आहे. त्याच्यावर सायकलला आणि मोटारसायकलला बंदी आहे, आणि इतक्या वेगाच्या रस्त्यावर ती असणेच योग्य. पण त्या मुलींचे दोन किलोमीटर मला त्या ७०१ किलोमीटरांहून लांब वाटले.

पांदणी तशाच कच्च्या राहाव्यात, असे म्हणणारे काही सायकलप्रेमी मला भेटतात. त्यांना गवताची वाट हवी असते, चिखलाचे छायाचित्र हवे असते. मला त्यांचे म्हणणे मुळीच पटत नाही. आपल्याला चिखल नको झाला तर आपण डांबरी रस्ता धरून घरी जातो. ज्याचे घरच त्या चिखलाच्या टोकाला आहे, त्याने कुठे जावे? पांदण पक्की व्हावी. मात्र सगळीकडे सिमेंटच ओतावे, असेही मला वाटत नाही. काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यावरचे सिमेंट तडकते. बैलांचे खूर त्याच्यावर घसरतात. खाली मोठा दगड, त्यावर गिट्टी, वर मुरमाचा दाबलेला थर आणि दोन्ही बाजूंना पाण्यासाठी नाली असली, की बैलगाडीही चालते आणि सायकलही चालते. हे मी त्या शेतकऱ्याला सांगितले.

तो म्हणाला, “सिमेंट द्या नाहीतर मुरूम द्या भाऊ. पण पावसाआधी द्या.”

दीड वर्षाने मी पुन्हा तिकडे गेलो. पांदणीवर मुरूम पडला होता. रोलर फिरला होता, एका बाजूची नालीही खोदली होती. दुसऱ्या बाजूची नाली मात्र कोणाच्या तरी धुऱ्यापाशी येऊन थांबली होती. सायकल झकास पळत होती. मागून घंटी वाजली. मी बाजूला झालो. निळ्या गणवेशातल्या दोन मुली बोलत बोलत माझ्या पुढे निघून गेल्या. एवढ्या महागाची सायकल त्यांच्या मागे पडली, हे चाचांना सांगायला हवे होते.

गावाच्या तोंडाशी तोच शेतकरी भेटला. त्याने चहाला बसवले. मी विचारले, “मुरूम कुठून आणला?”

त्याने हात वर करून पश्चिमेकडे दाखवले. शिवाराच्या कडेला एक टेकडी होती. मागच्या वेळी मी तिच्या पायथ्याने आलो होतो, म्हणून ती माझ्या लक्षात होती. आता तिचा अर्धा भाग कापलेला दिसत होता. कापलेल्या अंगावर पापुद्रे सुटलेले गोल गोटे उघडे पडले होते आणि खाली एक पिवळे यंत्र उभे होते.

“पलीकडच्या तीन गावांचा मुरूमही इथूनच जातो,” तो म्हणाला. “माथ्यावर ते जुने गोल मांडलेले दगड आहेत ना, तेवढे सोडा म्हणून आम्ही ठेकेदाराले सांगितले आहे.”

चहा झाल्यावर आम्ही दोघे टेकडीवर चढून ते दगड पाहून आलो. यंत्राने कापलेली कड पहिल्या वर्तुळापासून वीस पावलांवर होती.